कांदा छापणारा प्रिंटर

आमच्या घरातला प्रिंटर लिनक्समुळे बंद पडला नाही, हे मी आधीच लिहून टाकते. कारण पुढचं वाचताना तुमचंही मत हळूहळू आमच्या सोसायटीसारखंच होत जाणार आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बी विंगच्या ऋताने वडिलांचा कॉम्प्युटर बिघडवला' ही बातमी पाण्याच्या टाकीच्या सफाईच्या सूचनेइतकीच गांभीर्याने वाचली गेली आणि तिच्याखाली हात जोडलेली चित्रंही आली. ती सहानुभूतीची होती की श्रद्धांजलीची, ते मी विचारलं नाही.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाही, त्याचा पुढे संबंध आहे. आमच्याकडे प्रयोगशाळेत पाऊल टाकताक्षणी सांगतात की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की जे झालं ते कशामुळे झालं, हे शोधत आयुष्य जातं. दसऱ्याच्या दिवशी मी आमच्या घरात एकच गोष्ट बदलली होती. निदान माझा तसा समज होता.

बाबांचा कॉम्प्युटर इतका संथ झाला होता की ते तो चालू करून अंघोळीला जात आणि परत आल्यावरही तो 'कृपया थांबा' म्हणत असे. त्यातली जुनी, विकतची सिस्टीम आता अपडेट होत नव्हती. मी म्हटलं, आपण लिनक्स टाकू. फुकट आहे, जगभरातले लोक मिळून बनवतात, आणि ते काय करतंय हे ज्याला हवं त्याला उघडून बघता येतं. बाबांना यातलं 'जगभरातले लोक मिळून' तेवढं पटलं नाही. सोसायटीतले लोक मिळून काय करतात, ते त्यांनी पाहिलेलं आहे. पण ते म्हणाले, "टाक. फक्त दसऱ्याला टाक. नवीन काही करायचं तर दिवस चांगला बघून करावं."

म्हणून दसऱ्याला सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे घरातल्या यंत्रांची पूजा केली. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, प्रिंटर, शिवाय आईचं वजन सांगणारा काटा. (त्या काट्याची पूजा करायला आईचा दरवर्षी विरोध असतो.) दुपारी श्रीखंड-पुरी झाल्यावर मी लिनक्स टाकलं. सगळं चाललं. वायफाय चाललं, आवाज आला, आईची मालिका दिसली. प्रिंटर तेवढा म्हणाला, 'कागद नाही.'

कागद होता. मी मोजून बघितला नाही, पण होता.

आता प्रिंटर नाही चालला तर एवढं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. घरोघरचे प्रिंटर बंदच असतात, लोक त्यांच्यावर फुलदाणी ठेवतात. आमच्याकडे मात्र तो रोज लागत होता, आणि त्याचं कारण होतं तुळशीराम काका.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात बाबा एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हिशेब बघायचे आणि तुळशीराम काका काट्यावर माप करायचे. काका मूळचे बोनकोड्याचे, म्हणजे आमच्या कोपरखैरण्यातलेच. आमच्या इमारती आल्या त्याआधीपासूनचे. दोघं मिळून मार्केटात जात, मिळून परत येत आणि वाटेत मिळून सगळ्या जगाला शिव्या देत. गेल्या उन्हाळ्यात काकांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, बोलणं मात्र गेलं. सगळं गेलं असंही नाही. एक शब्द राहिला.

"कांदा."

चहा हवा असला की "कांदा". पंखा बंद करा, "कांदा". नातीने पायांना तेल लावलं की हळूच "कांदा", आणि औषध समोर धरलं की गल्लीत ऐकू जाईल असा "कांदा!" डोक्यात शब्द असतात, फक्त जिभेवर एकच येतो, असं स्पीच थेरपीच्या मॅडमनी समजावलं. त्यांनीच सांगितलं की चित्रं दाखवा, खाली मोठ्या अक्षरात नाव लिहा, रोज समोर धरा.

हे काम बाबांनी स्वतःहून घेतलं. चहा, पाणी, पंखा, चप्पल अशी कार्डं छापून ते रोज संध्याकाळी बोनकोड्याला चालत जात. काका प्रत्येक कार्डाकडे नीट बघत आणि मान हलवून "कांदा" म्हणत. मॅडम म्हणाल्या, वस्तू नकोत, माणसं दाखवा, त्यांच्या जिवाची. म्हणून काकांच्या बायकोने, चंद्राबाई काकींनी, बाबांकडे घरातले फोटो दिले. ते स्कॅन करून मोठे छापायचे होते. त्यातच तुळशीच्या लग्नानंतर काकांच्या नातीचं, मितालीचं लग्न ठरलं होतं. एकदा बाबांना दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा मिताली म्हणाली, "काका, मना हलद लागंल तवा आजोबांनी काय तरी बोलाया पायजे. मंग माझं नाव नसलं तरी चालंल. फकस्त कांदा नको."

बाबा तिला "बोलतील" म्हणून आले होते. शब्द दिला होता, आणि तो छापायचा प्रिंटर मी बंद पाडला होता. म्हणजे लोकांच्या मते.

मी पद्धतशीर कामाला लागले. प्रिंटरच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. यादीत आमचं अक्षर नव्हतं, शेजारचं होतं. मी ते घेतलं. इतकी वर्षं कधी कागद घ्यायचा आणि कधी नाकारायचा ते आपल्या मनाने ठरवणाऱ्या त्या प्रिंटरने त्या दिवशी मात्र एकही कागद नाकारला नाही. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात एक ओळ, तीही कुठल्याच लिपीतली नव्हे, आणि बाकी पान कोरं. असं करत त्याने सगळा गठ्ठा संपवला. मी वायर उपटली तेव्हा शेवटचं पान अर्धवट बाहेर होतं. आई म्हणाली, "त्याला काहीतरी सांगायचं असेल गं."

मग मी योग्य ड्रायव्हर शोधला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा. आमच्या घरात आई आणि बाबा यांच्यामध्ये मी असते, तसा. तो मिळाला, बसला, आणि प्रिंटर पुन्हा म्हणाला, 'कागद नाही.' कधी म्हणाला, 'कागद अडकला.' मी इंटरनेटवरच्या मंचावर सविस्तर प्रश्न लिहिला. तिथे एकाने उत्तर दिलं, 'माझ्याकडे चालतो.' हे वाक्य मला आजवर ऐकवल्या गेलेल्या वाक्यांपैकी सर्वांत निष्ठुर आहे. दहावीच्या गणिताच्या सरांनीही ते इतक्या थंडपणे उच्चारलं नव्हतं.

शेजारच्या सुनयना काकू वाटी परत करायला आल्या आणि प्रिंटरसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी हॉलभर एक नजर फिरवली. "ऋता, ह्याचं तोंड दक्षिणेला आहे."

"काकू, त्याचा काही संबंध नसतो."

"आमच्या वॉशिंग मशीनचं होतं. फिरवलं. तेव्हापासून टेन्शन नाही."

"बिघडलंच नाही?"

"बिघडलं. पण टेन्शन नाही."

मी क्लासमध्ये शिकवायला गेले असताना आईने प्रिंटर उचलून आतल्या खोलीत शिलाई मशीनवर ठेवला, तोंड पूर्वेला करून. कॉम्प्युटर हॉलमध्येच. मधून एक लांब केबल, जिला अडखळून बाबांनी दोनदा स्वतःची आणि एकदा लिनक्सची बदनामी केली. पुढचं सगळं काम मग असं चालायचं की मी हॉलमधून ओरडायची, "ठेवला कागद?" आणि बाबा आतून ओरडायचे, "ठेवला!"

मधल्या काळात मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथे प्रिंटर आहे. सेक्रेटरी धर्मराज काकांनी चष्मा काढून ऐकून घेतलं. "मिळेल ना वापरायला. रहिवाशांसाठीच आहे. एक अर्ज दे."

मी तिथल्याच कागदावर लिहायला घेतला.

"हाताने नाही. छापील पाहिजे. कमिटीचा ठराव आहे. अक्षरं लागत नाहीत लोकांची."

"काका, माझा प्रिंटर बंद आहे म्हणूनच तर आले."

"मग इथल्या प्रिंटरवर छाप."

"छापू?"

"छाप. फक्त त्याला आधी परवानगी..." इथे ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच शुद्ध वैज्ञानिक कुतूहल दिसलं. "हा मुद्दा मी मीटिंगमध्ये घेतो," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा परत लावला.

झेरॉक्सच्या दुकानात का गेलो नाही, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. बाबा गेले होते. काकींनी दिलेले फोटो घेऊन एकदाच गेले. काउंटरवरच्या माणसाने काकांचा जुना फोटो मोठा करून पडद्यावर आणला आणि मागे उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काका, नर्सरीचं प्रोजेक्ट आहे का? नातवाचं?" बाबांनी फोटो परत घेतले. घरी येऊन पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "तुझ्याच्याने होईल ना गं?"

यावर 'माझ्याकडे चालत नाही' असं म्हणता येत नाही.

दिवाळीची साफसफाई आली. आईने शिलाई मशीन पुसायचं म्हणून प्रिंटर उचलला, तिरका केला, आणि तिची हाक आली. "ऋता, ये गं. तुझ्या लिनक्समधून तांदूळ पडतायत."

मी गेले. खरंच पडत होते. कुंकू लावलेले, लालसर. मग झेंडूची एक वाळलेली पाकळी. प्रिंटरच्या मागे कागद आत घ्यायची फट असते, तिच्यातून. मी तो उलटा धरून हलवला तेव्हा खुळखुळ्यासारखा आवाज आला. अख्खा गठ्ठा खेचला त्या दिवशी हे सगळं नेमकं कडेला सरकलेलं असणार.

"बाबा!"

बाबा आले. तांदळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अक्षता आहेत."

"ते मला कळलं. आत कशा गेल्या?"

"मी वाहिल्या. दसऱ्याला."

"फटीत?"

"मग कुठे? त्याचं तोंड ते. कागद तिथूनच घेतो ना?" बाबांचा स्वर असा होता की मलाच यंत्रांची प्राथमिक माहिती नाही. "स्कूटरला आपण हँडलवर वाहतो. जिथून काम होतं तिथे वाहायच्या."

"सकाळी?"

"सकाळीच. तू दुपारी ते तुझं टाकलंस."

मी शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. दोन गोष्टी बदलल्या होत्या. एकाच दिवशी, त्याही मुहूर्त बघून. जगभरातल्या किती लोकांचा वेळ मी घेतला होता. त्या मंचावर जाऊन मी खरं उत्तर लिहिलं आणि 'प्रश्न सुटला' अशी खूण केली. एकाने विचारलं, तांदूळ कुठल्या आवृत्तीचा?

त्या दिवसापासून प्रिंटर शहाण्यासारखा कागद घेऊ लागला. राहिला स्कॅनर. एकाच डब्यात असला तरी तो वेगळा प्राणी आहे, त्याचा दुभाषा वेगळा. आधी तो फक्त ॲडमिनला दिसायचा, माझ्यासारख्या साध्या वापरकर्त्याला ओळखच दाखवायचा नाही. मी त्याला नियमांची एक फाइल लिहून दिली, मग तो नमला. कमिटीपेक्षा लवकर नमला हे नोंदवायला हवं.

आणि मग डाग आला.

पहिला फोटो चंद्राबाई काकींचा. बाबांनी आतून "ठेवला!" म्हटलं, मी स्कॅन केला, आणि पडद्यावर काकींच्या कपाळाच्या कडेला एक पिवळा-तांबडा ढग दिसला. दुसरा फोटो मितालीचा, ढग गालावर. तिसरा बाबांचा, काकांनी ओळखायची माणसं म्हणून, त्यात ढग टकलावर. मी रंगांच्या फाइली बदलल्या. दिव्याचं तापमान, उजळपणा, सगळं तपासलं. फोटो साफ होते, डाग प्रत्येक वेळी काचेच्या त्याच जागी, म्हणजे दोष यंत्राच्या संवेदकाचा, असा निष्कर्ष मी काढला आणि नमुना म्हणून एक कोरा कागद स्कॅन करून मंचावर टाकला. कुठल्याशा थंड देशातल्या एका सद्गृहस्थाने लिहिलं, उपाय माहीत नाही, पण सुंदर आहे, हे फूल आहे का?

आता हळद अगदी तोंडावर आली होती. डागासकट तिन्ही कार्डं मी चाचणी म्हणून छापली, खाली मोठ्या अक्षरांत नावं घातली, आणि शेवटी हताश होऊन पहिल्यांदाच आतल्या खोलीत जाऊन स्कॅनरचं झाकण स्वतः उघडलं.

काचेवर हळद-कुंकू होतं. ओल्या बोटाने लावलेलं, वाळून घट्ट बसलेलं. बोटाचा ठसासुद्धा स्पष्ट होता. संवेदक उत्तम होता, त्याने रेघन् रेघ टिपली होती.

"बाबा, हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की. मीच लावलंय."

"मी इतके दिवस डाग डाग म्हणून ओरडतेय!"

"तू डाग म्हणत होतीस. मला वाटलं तुझ्या सिस्टीममध्ये काही असेल." त्यांनी काचेवरच्या ठशाकडे बघितलं. "पूजेचं कसं काय आडवं येईल गं?"

मी ओलं फडकं आणायला वळले आणि वीज गेली. देखभालीसाठी बंद, संध्याकाळी येईल, असा मेसेज सकाळीच आला होता. तो ग्रुपवर लिनक्सवरच्या विनोदांच्या खाली गाडला गेला होता. आणि संध्याकाळी बोनकोड्याला हळद.

"आहेत तीच कार्डं घे," बाबा म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कॉलरचं बटण उगाचच लावत-काढत होते.

बोनकोड्यात गल्लीवर मांडव पडला होता. डीजेवाला 'चेक, चेक' म्हणत होता आणि दर वेळी पत्रे थरथरत होते. तुळशीराम काका ओट्यावर खुर्चीत बसले होते, पांढऱ्या टोपीत, दाढी केलेली. बाबांना बघताच त्यांनी चांगला हात वर केला. "कांऽऽदा."

"आयलास का नंदू?" काकी आतून येत म्हणाल्या. "बस. पोरी, तू पन बस. काय खाल्लास का?"

बाबांनी कार्डं काढली. पहिलं काकींचं. काकीच पुढे वाकल्या. "अगं बाय, माज्या कपालाव या काय?"

"काकी, सॉरी, त्याचं काय झालं, स्कॅनरच्या काचेवर..." मी सुरू केलं. मितालीही पिवळ्या साडीत येऊन मागे उभी राहिली. मी संवेदकापर्यंत पोचले होते. कोणी ऐकत नव्हतं. काका ते कार्ड बघत होते, पण नेहमीचेच. "कांदा," ते म्हणाले आणि त्यांनी मान हलवली.

बाबांनी दुसरं कार्ड समोर धरलं. मितालीचा हसरा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'मिताली', आणि डाव्या गालावर तो पिवळा ढग.

काकांनी ते कार्ड बाबांच्या हातातून घेतलं. हे त्यांनी कधीच केलं नव्हतं. जवळ धरलं, अंगठ्याने गालावरचा डाग चोळला. तो निघेना, तसे त्यांनी मितालीकडे बघितलं. तिच्या कोऱ्या गालाकडे. परत कार्डाकडे. त्यांचे ओठ नेहमीच्या शब्दासाठी उघडले आणि मधेच थांबले. कपाळावर शीर दिसायला लागली.

"ह," काका म्हणाले. "हल. हलद."

डीजेवाला 'चेक' म्हणाला. काकींनी त्याच्या दिशेने अशी काही शिवी घातली की ती इथे लिहिता येणार नाही. तो गप्प झाला.

"काय बोललाव आजोबा?" मिताली गुडघ्यावर बसली. "परत बोला."

"हलद," काका चिडून म्हणाले. एवढी साधी गोष्ट कुणाला कळत नाही म्हणून. "हलद! हलद!"

"बोलला गो, बोलला!" काकी आत धावल्या आणि हळदीचं भांडंच घेऊन आल्या. मांडवातल्या बायकांनी आरडाओरडा केला, की अजून वेळ हाय, आधी देवाला लावाची. काकींनी कुणाचं ऐकलं नाही. काकांनी वाकड्या बोटांनी हळद घेतली आणि मितालीच्या गालावर लावली, डाव्या, कार्डावर होती नेमकी तिथेच. मग कार्ड आणि गाल शेजारी धरून पडताळून बघितलं. मार्केटात वजन झाल्यावर काट्याकडे बघत असतील, तसं.

मिताली रडत हसत होती. "नाव नाय घेतलंत ना माझं?"

"हलद," काका म्हणाले.

"चालंल. आजच्या दिवसाला हेच पायजे होतं."

बाबा बाजूला होऊन चष्मा पुसत होते. तिसरं कार्ड त्यांच्या हातात तसंच राहिलं होतं. काकींनी ते ओढून काकांसमोर धरलं. बाबांचा फोटो, टकलावर हळद-कुंकू, खाली 'नंदकुमार'. काका एकदा कार्डाकडे आणि एकदा बाबांकडे बघून खुर्चीत हलायला लागले. आधी मला वाटलं, त्रास होतोय. ते हसत होते.

"कांऽऽदा," ते म्हणाले.

"नाही रे," बाबा हळूच म्हणाले. "नंदू म्हण. नं..."

"कांऽऽदा!"

"अरं नंदू," काकी म्हणाल्या, "या कांदा येगला हाय. लांब. या फकस्त तुलाच बोलतो. तू येवाच्या आदी दाराकं बगून बोलत असतो."

बाबा काकांच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग डीजे सुरू झाला आणि कुणाला काही बोलायचं कारणच उरलं नाही.

घरी आलो तेव्हा वीज आलेली होती. मी फडकं ओलं करून आतल्या खोलीत गेले. बाबा माझ्यामागे आले, शर्टावर हळद तशीच.

"माझं कार्ड परत छाप," ते म्हणाले. "खाली नंदकुमार नको. कांदा लिही. त्याला ज्या नावाने मी माहीत आहे ते."

"बरं. काच आधी पुसते."

"दोन्ही नको," बाबा म्हणाले. "तुमच्यात ते काय सांगतात?"

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी फडकं वाळत टाकलं आणि नाव बदललं. प्रिंटरने पहिल्या फटक्यात कागद घेतला.